माल्टाचं लाकूड

समज, एका मोठ्या वर्गाच्या भिंतीवर युरोपचा नकाशा टांगलाय. वर दोन खिळे आणि खाली एक. खालचा खिळा अशासाठी, की पंखा लावला की कागद फडफडतो आणि मागच्यांना काही दिसत नाही. आता समज, त्या नकाशात तुला एक देश शोधायला सांगितलाय. आजपासून तो तुझा देश. तुझं बोट वरून खाली येतं, इटलीच्या लांब पायावरून घसरतं, सिसिलीचं बेट ओलांडतं आणि निळ्या समुद्रात थांबतं ते खिळ्याच्या गंजलेल्या डोक्यावर. देश तिथेच आहे, खिळ्याखाली. घाई करू नकोस. बोट थोडा वेळ तिथेच ठेव. मागे पोरं हसायला लागली असतील, लागू दे. फक्त एवढं लक्षात घे, की खिळा बोटाला कसा लागतो.

रिनाला तो गार लागला होता. ती सोमवारची गोष्ट. आज गुरुवार होता, सभेचा दिवस, आणि आपल्या खुर्चीवर बसून ती त्याच खिळ्याकडे बघत होती. गडचिरोलीच्या त्या शाळेत सातवी आणि आठवीचे वर्ग एकत्र करून हेमराज सरांनी युरोपची संसद भरवली होती. बाक बाहेर काढले होते, खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या आणि प्रत्येक देशापुढे पुठ्ठ्याची पाटी होती. खऱ्या संसदेतल्या दर दहा जागांना इथे एक मूल, असा सरांचा हिशोब. जर्मनीच्या तिथे शहाण्णव जागा, म्हणून इथे दहा पोरं. माल्टाच्या सहा, म्हणून इथे एकटी रिना. तिची खुर्ची अर्धगोलाच्या अगदी टोकाला, दारापाशी होती. ते तिला आवडलं होतं. तिला टोकालाच बसायची सवय होती, वर्गात, प्रार्थनेत, दुपारी खिचडीच्या पंगतीत. टोकाला बसलं की एका बाजूला कुणी नसतं आणि त्या बाजूनं श्वास घेता येतो. पण आज त्या मोकळ्या बाजूनंही श्वास नीट येत नव्हता, कारण तिच्या दोन पायांच्या मध्ये दप्तर होतं आणि दप्तरात, मावशीच्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं, हातभर लांब धावड्याचं लाकूड होतं. त्याचं एक टोक चेनमधून बाहेर आलं होतं. ते टोक ती चपलेच्या पुढच्या भागानं पुन्हा पुन्हा आत ढकलत होती, जसं आपण झोपलेल्या कुत्र्याला हळूच बाजूला करतो, तो जागा होऊ नये म्हणून.

लाकूड कशाला आणलं, हे कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते तिनं सकाळपासून चार वेळा मनात बोलून पाहिलं होतं आणि चारही वेळा ते अर्ध्यावर तुटलं होतं. खरं तर सांगायला सोपं होतं. सोमवारी संध्याकाळी, ती जिच्याकडे राहते त्या कमळामावशीच्या फोनवरून तिनं बाबांना सांगितलं होतं, की शाळेत सभा आहे, देशादेशांची, आणि मी एका लहान देशाकडून बसणार. तिचे बाबा, झाडू त्यांचं नाव, कोसमटोल्यावर राहतात. टोला म्हणजे लहान वस्ती, एटापल्लीच्या पलीकडे, जंगलात. तिथे घरात फोन लागत नाही, टेकडीवर चढावं लागतं. टेकडीवरचा वारा फोनमध्ये भरून येत होता आणि त्या वाऱ्यातून बाबांनी विचारलं होतं, "किती घरं हायेत त्याईचे?"

"देश हाय बाबा तो. घरं कुठचे मोजता? पाच-साडेपाच लाख लोक हायेत."

"अन् मोठा कोन हाय सभेत?"

"जर्मनी. आठ कोटीच्या वर."

मग बाबा म्हणाले, "अन् तरी तुले बसू देऊन राह्यले?"

"हो. एक खुर्ची हाय माझी."

"मंग लाकूड लागन," बाबा म्हणाले, आणि फोन कट झाला. तिला वाटलं, गंमत केली. पण काल दुपारी ते लाल बसमधून उतरले तेव्हा त्यांच्या एका खांद्यावर मावशीसाठी तांदळाची चुंगडी होती आणि दुसऱ्या हातात हे लाकूड. सूरजागडच्या लोहखाणीतल्या ट्रकांची लाल धूळ त्यांच्या भुवयांवर बसली होती, त्यामुळे ते एकदम म्हातारे दिसत होते. धूळ पुसत पुसत त्यांनी सांगितलं, की कंडक्टरनं विचारलं, काय भाऊ, याचं अर्धं तिकीट काढू काय. ते हसत होते. रिना हसली नाही. तिनं ते लाकूड ओळखलं होतं.

लाकूड ओळखायचं कसं, असं तुला वाटेल. सगळी लाकडं सारखीच तर दिसतात. पण ज्या घरात चुलीवर माळा असतो आणि माळ्यावर एक लाकूड दोन वर्षं पडून असतं, कुणी ते जाळायला घेत नाही, पावसाळ्यात सरपण ओलं झालं तरी घेत नाही, त्या घरातल्या मुलीला ते ओळखू येतं. धुरानं ते काळं, तुकतुकीत झालं होतं. एका बाजूला कुऱ्हाडीचा तिरपा घाव होता. वास मात्र लाकडाचा राहिला नव्हता. घराचाच वास त्याला आला होता, भाताच्या पेजेचा आणि सुकलेल्या मोहफुलांचा. काल रात्री मावशीकडे झोपताना तिनं ते उशाशी ठेवलं होतं, नुसतं ठेवायला जागा नव्हती म्हणून, आणि सकाळी डोळे उघडायच्या आधी क्षणभर तिला वाटलं होतं, की आपण टोल्यावर आहोत.

टोल्यावर चार घरं. मोठं गाव नाल्याच्या पलीकडे, तिथे दीडशे घरं, आणि भोवती असेच आणखी तीन टोले. सगळ्यांची सभा एक. तेंदूपत्त्याचं काय करायचं, मोहफुलं कधी वेचायची, गावाला कोणतं काम मागायचं, हे त्या सभेत ठरतं. सभा मोठ्या गावातल्या जुन्या चिंचेखाली, संध्याकाळी, आगीभोवती भरते, आणि त्या आगीचं लाकूड प्रत्येकानं आणायचं असतं. घरटी नाही, वस्तीगणिक एक. दीडशे घरांच्या गावाचं एक आणि चार घरांच्या टोल्याचंही एक. पाच लाकडं एकमेकांना टेकवून ठेवली की मगच काडी ओढायची. एखादं आलं नसेल तर थांबायचं. असं का, हे रिनानं लहानपणी विचारलं होतं, आणि बाबा म्हणाले होते, "पाच लाकडाची आग चांगली लागते." बस, एवढंच. बाबांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं अशीच असायची, हातात धरता येतील एवढी.

"ऑर्डर, ऑर्डर," हेमराज सर म्हणाले आणि टेबलावर डस्टर आपटलं. खडूची धूळ उडाली. सर नागभीडचे, बोलायला शांत, आणि शिकवताना स्वतःच इतके रमायचे की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू यायची नाही. "जर्मनीनं एक ठराव आणलाय. प्रवीण, वाच."

प्रवीण उठला. आठवीतला सगळ्यात उंच मुलगा तो, जर्मनीचा पुढारी. तो वाईट मुलगा नव्हता, फक्त त्याला सगळ्या गोष्टी लवकर समजायच्या आणि इतरांना का समजत नाहीत, ते समजायचं नाही. त्यानं वाचलं, की प्रत्येक देशाला जागा लोकसंख्येच्या हिशोबानंच मिळाव्यात, कमी नाही, जास्त नाही. आठ कोटींच्या देशाचा एक माणूस तिथे साडेआठ लाख लोकांसाठी बोलतो आणि माल्टाचा एक माणूस एक लाखासाठीही नाही. मग माल्टाच्या माणसाचं वजन नऊपट झालं. हा न्याय आहे काय? जर्मनीच्या बाकीच्या पोरांनी टेबलं नसल्यामुळे मांड्या बडवल्या.

"ठराव पास झाला तर काय होईल, ते आधीच सांगतो," सर म्हणाले. "नुसतं बोलून सोडायचं नाही. इथेच खुर्च्या हलवायच्या. जर्मनीला आणखी तीन खुर्च्या. आणि ज्यांचा हिशोब अर्ध्या खुर्चीच्याही खाली येतो, त्यांनी व्हरांड्यात जायचं, पाचवी-सहावीच्या मुलांजवळ. तिथून बघायचं. बोलायचं नाही."

व्हरांडा रिनाच्या उजव्या हाताला होता, मोकळ्या बाजूला. तिथे पाचवीची मुलं मांडी घालून बसली होती, दोघं एकमेकांच्या कानात गवताची काडी घालत होते. दोन पावलं टाकली की व्हरांडा. इतकी जवळ होती ती जागा, की उठून जायला काहीच लागलं नसतं, उलट बरं वाटलं असतं, कुणी काही विचारलं नसतं, लाकूडही दिसलं नसतं. आणि हेच तिला एकदम भयंकर वाटलं. आपल्याला तिथे जाऊन बरं वाटेल, हे. कारण आज संध्याकाळी बाबा टेकडीवर चढणार होते. काल बसमध्ये परत चढताना पायरीवरून वळून ते म्हणाले होते, "उद्या फोन करीन, सांगजो." काय सांगजो, ते म्हणाले नव्हते. तिला माहीत होतं. लाकूड जळलं काय, ते सांगजो.

दोन वर्षांपूर्वी ते जळलं नव्हतं. ते दिवस तिला आठवायचे ते आवाजानं, नाल्याच्या. रात्रभर आणि दिवसभर एकच आवाज, जणू कुणीतरी धान पाखडतंय आणि थांबतच नाही. सभेच्या दिवशी बाबांनी सकाळीच धावडा तोडून ठेवला, चांगला सुका, आणि दुपारपासून नाल्याच्या काठावर जाऊन उभे राहिले, पाणी उतरण्याची वाट बघत. रिना त्यांच्या मागे उभी होती. पलीकडे, झाडांमधून, दिवस मावळताना धूर दिसला. सरळ वर जाणारा निळा धूर. बाबा म्हणाले, कुणी स्वयंपाक करत असेल. मग धूर जाड झाला, पसरला. चिंचेखालची आग चार लाकडांवरच लागली होती. नाला उतरल्यावर ते पलीकडे गेले, लाकूड घेऊनच. सभेत ठरलं होतं, की नवा रस्ता नाल्याच्या पलीकडून न्यायचा, मोठ्या गावाच्या बाजूनं. टोल्याकडे पूल नाही. परत आले तेव्हा लाकूड त्यांच्या खांद्यावर तसंच होतं. आईनं विचारलं, काय म्हणाले. बाबा म्हणाले, "म्हनतेत, तुमी आले असते तरी काय फरक पडला असता, भाऊ? चार तं घरं तुमचे."

"अन् मंग?"

"मंग काय. नसता पडला फरक." त्यांनी लाकूड माळ्यावर टाकलं. "पन लाकूड तं जळलं असतं."

पूल झाला नाही म्हणून पाचवीनंतरची नाल्यापलीकडची शाळा पावसाळ्यात बंद, आणि शाळा बंद म्हणून रिना मावशीकडे, गडचिरोलीत. इथे रस्ते होते, दिवे होते, दवाखाना, कचेऱ्या, दर तासाला बस. सुरुवातीला तिला झोप यायची नाही, कारण रात्री नाल्याचा आवाज नसायचा. पूल नव्हता म्हणून आपण इथे आलो, असं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. आज, डस्टरच्या धुळीत, खिळ्याकडे बघताना, ते सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं: धूर, रस्ता, मावशीचं घर, ही खुर्ची. आणि ओळीच्या शेवटी तो व्हरांडा.

"माल्टाला काही म्हणायचं आहे?" सरांनी विचारलं.

ती उठली. उठताना पाय दप्तराला लागला. चेन आधीच अर्धी उघडी होती. दुपट्टा सैल झाला आणि लाकूड फरशीवर पडलं. मोठा आवाज झाला, अगदी डस्टरसारखा, त्याहून जाड. मग ते गडगडत अर्धगोलाच्या मधोमध गेलं आणि थांबलं. मग व्हरांड्यातलं एक पोरगं हसलं, आणि सगळा वर्ग.

"माल्टातून लाकूड आलं बापा," प्रवीण म्हणाला. "सर, माल्टानं हत्यार आनलं."

"शांत," सर म्हणाले. त्यांनी लाकडाकडे बघितलं, मग रिनाकडे. "हे काय आहे, रिना?"

कान तापले होते. समोरच्या चेहऱ्यांचा एकच लांबट चेहरा झाला होता, तोंड उघडलेला. तिनं आजवर पाठ केलेलं सगळं, माल्टाची राजधानी, माल्टाचा समुद्र, सगळं त्या चेहऱ्याच्या तोंडात गेलं. तिनं खाली बघितलं. फरशीवर ते लाकूड परकं दिसत नव्हतं. तिला आश्चर्य वाटलं. वर्गातल्या सगळ्या वस्तूंमध्ये, पाट्या, खुर्च्या, कागदी झेंडे यांच्यात, तेच एक जुनं ओळखीचं होतं, आणि ते मधोमध पडलं होतं, कुणालाही न विचारता.

"सभेले आनलं, सर," ती म्हणाली.

पुन्हा हशा पिकला. सर हसले नाहीत. "सभेला कशाला?"

"आमच्या इकडे आनतेत. सभेच्या आगीले. प्रत्येक टोल्याचं एक." आवाज तिचाच होता, पण टोल्यावरचा, मावशीकडे ती बोलायची त्याहून सावकाश. "मोठ्या गावाचं बी एकच असते. अन् एक आलं नाई, तं आग लावत नाईत."

"पन इथी आग कुठी हाय?" प्रवीणनं विचारलं. तो चिडवत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाई हाय," रिना म्हणाली. "बाबाले सांगनार होती मी. नाई सांगू शकली."

आता हसायला कुणी उरलं नव्हतं. का, ते कळत नाही. एखाद्या वर्गाचं हसू असं अचानक संपतं, नळ बंद केल्यासारखं, आणि मग जो थेंब थेंब आवाज राहतो, तो पंख्याचा असतो.

सर टेबलाला टेकून उभे राहिले. "पोरांनो, प्रवीणचा हिशोब बरोबर आहे," ते म्हणाले. "डोकी मोजली तर माल्टाला तिथे एक जागाही पूर्ण मिळत नाही. तरी त्या लोकांनी ठरवलं, की कुणालाही सहाच्या खाली ठेवायचं नाही आणि कुणालाही शहाण्णवच्या वर जाऊ द्यायचं नाही. सहा का? कारण लहान घरातसुद्धा दोघा-तिघांची मतं वेगळी असतात. एकच माणूस पाठवला तर घरातली एकच बाजू सभेत पोचते. आणि मोठ्यांनी आपल्या काही जागा सोडल्या. कुणी हिसकावल्या नाहीत, त्यांनीच कबूल केलं. ते चूक की बरोबर, त्यावर तिथेही भांडण होतं. आज ते तुम्ही ठरवायचं."

"तरी बी सर," प्रवीण म्हणाला, "आपल्या वर्गात तं माल्टा एक पूर्ण बी नाई होत. सहा भागिले दहा. पॉइंट सहा. अर्ध्याच्या वर हाय म्हनून तुम्ही पूर्ण धरलं. ते तं पॉइंट सहाच पोरगी हाय." जर्मनी हसली. या वेळी थोडीच.

पॉइंट सहा. रिनाला ते ऐकून लाज वाटायला हवी होती. पण तिच्या मनात आकडे हलले, जसे ते गणिताच्या तासाला हलायचे, आपोआप, कुणी न सांगता. शहाण्णव भागिले दहा. ती जर्मनीकडे बघत राहिली. पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत तिची नजर गेली, आणि शेवटच्या खुर्चीवर फरहा होती, सायकल दुरुस्तीवाल्या बाबूभाईंची, सातवीतली, जिला अजून हसायचं की नाही ते ठरवता आलं नव्हतं.

"तुमचे बी नऊ पॉइंट सहाच होतेत," रिना म्हणाली.

"काय?"

"नऊ पूर्ण. अन् दहावं पॉइंट सहा. माझ्यावानीच. त्याले बी सरनं पूर्ण धरलं."

प्रवीणचे ओठ आकडे पुटपुटत हलले. तो मनात भागत होता, ते सगळ्यांना दिसत होतं. जर्मनीच्या नऊ माना हळूहळू शेवटच्या खुर्चीकडे वळल्या.

"मंजे मी," फरहा म्हणाली. तिनं स्वतःकडे, आपल्या गुडघ्यांकडे बघितलं, जणू काय कमी आहे ते शोधत होती. "अरे, मी तर पूर्ण दिसून राहिली ना?"

या वेळी सगळेच हसले, सरही, आणि प्रवीणही, डोकं खाजवत. आणि त्या हसण्यात रिनाच्या छातीतली एक गाठ, जी तिथे सोमवारपासून होती की दोन वर्षांपासून, कोण जाणे, थोडी सैल झाली. इतकी, की पुढचं वाक्य तिच्यातून बाहेर पडलं, न जुळवता.

"मी काई जिंकाले नाई आली," ती म्हणाली. "तुमी दहा हाव, मी एक. मी काई म्हनलं तरी तुमचंच होईन. होऊ द्या. पन मी व्हरांड्यात असन अन् मंग तुमचं होईन, ते नको. मी इथी बसली असताना होऊ द्या."

ती बसली. दप्तर रिकामं आणि हलकं झालं होतं, पायात धरायला काही नव्हतं.

हात वर करायला सांगितले तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांपुढे नाल्यापलीकडचा धूर होता. तो जाड होत होता. ती कानांनी ऐकत होती, खुर्च्यांची करकर, बांगड्यांची किणकिण, सरांचं पुटपुटत मोजणं, एकदा, मग पुन्हा एकदा, कारण फ्रान्सच्या एका मुलानं दोन्ही हात वर केले होते. मग ठरावाच्या विरुद्ध असलेल्यांचे हात. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अबे फरहा, तू जर्मनी होस ना?" आणि फरहाचा आवाज आला, "हाव ना. पॉइंट सहा."

"ठराव पडला," सर म्हणाले.

रिनानं डोळे उघडले. काही बदललं नव्हतं. खिळा होता तिथे होता. खुर्च्या होत्या तिथे होत्या, आणि ती तिच्या खुर्चीवर. एवढंच. पण तिला असं वाटलं, की कुणीतरी तिच्या पाठीवरून ओलं गोणपाट उचललं आहे, इतके दिवस ती ते पांघरून फिरत होती आणि तिला ते अंगाचाच भाग वाटत होतं. खोल श्वास आला, दोन्ही बाजूंनी. तिनं तो सोडला आणि पुन्हा घेतला, नुसता घेता येतो का ते बघायला.

मग पुढचे ठराव झाले, समुद्रातल्या मासेमारीचा, गाड्यांच्या धुराचा. माल्टा त्यातल्या एका ठरावात हरली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, तिच्याही नाही. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली, सरांना नेहमीप्रमाणे ती ऐकू आली नाही, पोरं खुर्च्या सारून पळाली. रिनाही ताट घेऊन निघाली. दारापाशी मागून हाक आली.

"ओ माल्टावाली. तुझं लाकूड राह्यलं इथी."

प्रवीण ते हातात घेऊन उभा होता, तोलून बघत. "जड हाय, यार. कोन्या झाडाचं हाय?"

"धावडा."

"अन् आता काय करशीन याचं? वापस नेशीन?"

वापस. तिच्या डोळ्यांपुढे बाबांचा खांदा आला, नाला उतरल्यावरचा. आणि माळा. सभेत बसायला मिळालं, ठराव पडला, सगळं चांगलं झालं, आणि तरी लाकूड परत जाणार. संध्याकाळी टेकडीवरच्या वाऱ्यातून विचारतील तेव्हा काय सांगणार? इथे आग नसते, हे? ते हो म्हणतील. ते नेहमी हो म्हणतात. तिनं लाकूड त्याच्या हातातून घेतलं आणि व्हरांड्याच्या टोकाला उभी राहिली. तिथून शाळेची मागची बाजू दिसत होती, पाण्याची टाकी, कडुनिंब, आणि स्वयंपाकाच्या शेडमधून निघणारा पांढरा, ओला, डोळ्यांना झोंबणारा धूर.

शेडमध्ये ठमाबाई फुंकणीनं फुंकत होती. शाळेची खिचडी ती शिजवायची. गॅस सकाळीच संपला होता, आणि दगडांच्या चुलीवर मोठं गंज चढवलं होतं, त्यात पिवळं पाणी तांदळासकट नुसतं थांबून राहिलं होतं.

"बाहेर थांब, बाई," ती न बघता म्हणाली. "झाली नाई अजून. ओलं हाय सारं सरपन, धूरच करून राह्यलं नुसतं. पोट्टे ताटं वाजवून राह्यले, मी काय करू?"

"बाई, हे लावू?"

ठमाबाईनं वळून बघितलं. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं, लाकूड हातात घेतलं, घावावरून अंगठा फिरवला. "धावडा हाय. अन् किती वाळलं हाय. कोनं देल्लं?"

"बाबानं. सभेसाठी."

सभेचं काय ते ठमाबाईला कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. "लाव मंग," ती म्हणाली आणि बाजूला सरकली.

रिना चुलीपुढे उकिडवी बसली. आत चार लाकडं होती, वेगवेगळ्या झाडांची, अर्धी ओली, एकमेकांपासून लांब पडलेली आणि आपापल्या ठिकाणी धुमसणारी. तिनं ती चिमट्यानं जवळ ओढली, एकमेकांना टेकवली, जशी चिंचेखाली टेकवतात, आणि त्यांच्या मधोमध, घावाची बाजू खाली करून, पाचवं लाकूड सरकवलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याच्या तुकतुकीत काळ्या सालीवर एक बारीक निळी रेघ धावली, घराचा वास सुटला, पेजेचा, मोहफुलांचा, आणि एकदम, तड असा आवाज करून, ते पेटलं. बाजूची ओली लाकडंही त्याच्या नादानं पेटली. गंजातलं पाणी हललं. रिना बघत राहिली, तोंडावर धग घेत, ते मधून लाल होईपर्यंत, आता हे कुणी परत काढू शकणार नाही एवढं लाल होईपर्यंत.

खिचडी उतरली तेव्हा व्हरांड्यात पंगत बसली होती. जर्मनी एकीकडे, फ्रान्स एकीकडे, देश अजून कुणी सोडले नव्हते. पंगतीच्या टोकाला, खांबापाशी, रिनाची रोजची जागा मोकळी होती. ताट छातीशी धरून ती तिथवर गेली, थांबली, मग वळली आणि पंगतीच्या मधोमध, प्रवीण आणि फरहा यांच्यामध्ये, गुडघ्यानं जागा करून मांडी घालून बसली.